युनिटांची खुशाली

महावितरणचं बिल मोबाइलवर आलं की रक्कम मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी युनिटं. आई सोलापुरात एकटी, मी जर्मनीत. फोनवर ती ‘बरंय की’ म्हणून मोकळी होते. बिलातले आकडे जास्त बोलतात. यंदा एप्रिलचा वापर मार्चच्याही खाली गेला तेव्हा मला धडकी भरली. सोलापूरचा एप्रिल म्हणजे पारा 42-43 अंशांवर. त्यात वीज कमी लागेलच कशी?

“कूलर लावत नाहीस ना तू?”

“एकटीसाठी कशाला रे? खिडकी उघडली की येतंय वारं.”

वारं कसलं, झळा त्या. आता उन्हाळ्यात बिल फुगलेलं दिसलं की मला गाढ झोप लागते.

पैसे भरणं आता सोपं झालंय. परदेशी राहायला गेलेल्याला साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. वीज, घरपट्टी, पाणीपट्टी सगळं त्यातून जातं. 2023 च्या सुरुवातीला दहा देशांतल्या मोबाइल नंबरांवर यूपीआयची मुभा मिळाली, त्यांत जर्मनी नव्हता. म्हणून माझं सोलापूरचं सिमकार्ड रिचार्ज करून करून मी जिवंत ठेवलंय. गॅसची नोंदणीही त्याच नंबरवर. सिलिंडरवाला दारात उभा राहून कोड मागतो तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ, इकडे सहा. अंथरुणातूनच मी एकेक आकडा सांगतो, आई तो खणखणीत आवाजात त्याला ऐकवते, आणि सिलिंडर फरशीवर टेकल्याचा दणका माझ्या कानात येतो.

पाण्याला मात्र माझा काही इलाज नाही. उजनी शंभरेक किलोमीटर लांब. नळाला पाणी काही दिवसांआड, तेही कधी पहाटे, कधी रात्री. शेजारच्या काकू आपलं भरायच्या आधी हाक मारतात, “वहिनी, पाणी आलंय!” घरात तेलुगू बोलणारं ते पद्मशाली कुटुंब, यंत्रमागावर आयुष्य काढलेलं. त्यांचा मुलगा येऊन हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवून देतो. या ऋणाचं बिल कधी येत नाही, आणि ते फिटावं असं मलाही वाटत नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. जीवन प्रमाणची सोय 2014 पासून आहे. आता तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. मी सगळं समजावून सांगितलं. आईनं शांतपणे ऐकलं आणि ठेवणीतली साडी नेसून बँकेत गेली. तिथे तिच्या शाळेतल्या जुन्या बाई भेटतात, रांगेत कुणाची सून, कुणाचा गुडघा, सगळी चौकशी होते, आणि परतताना नवी पेठेत चक्कर होते. घरची बहुतेक कामं मी तिच्याकडून काढून घेतलीत. हे तिचं तिच्याकडेच राहू दे.