विद्येचे आवर्तन

एकदा शिकलेले पोहणे मनुष्य विसरत नाही, असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. परंतु स्वतः पोहणे निराळे आणि बुडत्यास काढणे निराळे, हा भेद मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हां मंडळींना चांगलाच ठाऊक आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी येथील वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका महाविद्यालयातून सहलीस आलेली आठ माणसे बुडाली. ती हळहळ गाव अद्याप विसरलेले नाही.

आमचा एक पुतण्या किनाऱ्यावरील स्वयंसेवकांत आहे. त्याने काही वर्षांपूर्वी मिळविलेले जीवरक्षकाचे प्रमाणपत्र वहिनींनी चौकटीत बसवून माजघरात लावले आहे. यंदा तो रविवारी पुन्हा सरावास जाऊ लागला, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "अरे, परीक्षा उतरलास ना? मग पुन्हा पहिलीत कशाला बसतोस?" हा प्रश्न पुष्कळ घरांत निघत असेल, म्हणून त्याचा येथे विचार करतो.

चौकटीतला कागद जसाच्या तसा राहतो. बाहेर मात्र तीन गोष्टी बदलत असतात. पहिली, शरीर. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या तरुणाचा दम वर्षभरात उणावतो. घाबरलेला मनुष्य तर वाचविणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो. ती सोडविण्याची हातोटी सरावावाचून टिकत नाही. दुसरी, शास्त्र. एके काळी बुडालेल्यास पालथे निजवून पाठीवर दाब देत. १९६० च्या सुमारास तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे आले. पुढे पंधरा दाबांमागे दोन श्वास हे प्रमाण २००५ मध्ये तीस दाबांमागे दोन असे झाले. तिसरी गोष्ट, खुद्द समुद्र. देवबागेस कर्ली नदी समुद्रास मिळते, तेथील वाळूचे बांध पावसाळ्यात जागा बदलतात. अशा दोन बांधांमधून पाणी वेगाने आत ओढले जाते. आणि तेथे लाटा फुटत नसल्यामुळे तीच जागा पाहुण्यांस शांत व सुरक्षित वाटते!

ऑस्ट्रेलियातील स्वयंसेवक जीवरक्षकांस म्हणूनच दरवर्षी ३१ डिसेंबरपूर्वी पुन्हा कसोटी द्यावी लागते. दोनशे मीटर धावणे, दोनशे मीटर पोहणे व पुन्हा दोनशे मीटर धावणे, हे सारे आठ मिनिटांत करावयाचे. जुना बिल्ला कितीही मानाचा असो, कसोटी चुकत नाही.

आपल्या घरांस ही कल्पना परकी नाही. संथा मिळाली म्हणून आवर्तन सोडणाऱ्याच्या मुखी वेद राहत नाही, आणि जानवेही आपण दर श्रावणीस बदलतो. त्याच सुमारास, नारळी पौर्णिमेस, हा किनारा समुद्राला नारळ वाहतो. त्यानंतर पावसाळा सरला की, दिवाळीची गर्दी लोटण्यापूर्वी, प्रत्येक जीवरक्षकाची अशीच कसोटी व्हावी.

मात्र यास घरचा हातभार हवा. ज्या घरातील मुलगा हे काम पत्करतो, त्या घराने त्याचे सरावाचे रविवार मोकळे ठेवावेत. बाजार, दळण, पाहुण्यांची ने-आण ही कामे इतरांनी वाटून घ्यावीत. एवढे झाले तरी त्या पुण्यकर्मात साऱ्या कुटुंबाचा वाटा पडला, असे आम्ही समजू.