मागच्या सीटचं देणं

पेनसिल्व्हेनियात असताना, २०११ साली मला हृदयविकाराचा झटका आला. स्टेंट बसला आणि पाठोपाठ वैमानिकाच्या मेडिकलचा, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राचा, माझा अर्ज नामंजूर झाला. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या लायसन्सला मुदत नसते, पण तेव्हा मेडिकलवाचून ते बहुतांशी नुसतं खिशातच राहायचं. भेटायला येणारे म्हणत, "जीव वाचला, आणखी काय हवं?" खरंच होतं ते. पण त्यामुळे उडणं सुटल्याचं दुःख बोलायची सोयच उरली नव्हती.

अशात माझे इन्स्ट्रक्टर घरी आले. सत्तरी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. सांत्वन वगैरे काही नाही. म्हणाले, "शनिवारी ये. डावीकडे तू बस, उजवीकडे मी." कागदोपत्री वैमानिक ते, मेडिकल त्यांचं, सेसना विमान माझ्या हातात. भाडं मी भरायचो, फी मात्र त्यांनी कधी घेतली नाही.

मग त्यांनी नियम समजावले. २००४ पासून हलकी स्पोर्ट विमानं मेडिकलऐवजी ड्रायव्हिंग लायसन्सवर उडवता येतात, पण मेडिकलचा शेवटचा अर्ज नामंजूर झालेल्याला तो रस्ता बंद. ग्लायडरला मात्र मेडिकल लागतच नाही. "पण आज आपण उडण्याजोगे आहोत का, हे दर वेळी तुलाच ठरवावं लागेल," त्यांनी बजावलं.

हृदयरोगतज्ज्ञांनी होकार दिल्यावर आम्ही श्वाइट्झर २-३३ ग्लायडरमध्ये बसलो. पुढे मी, मागे ते. काचेवर बाहेरून लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. विमान वाऱ्यात नीट सरकत असेल तर तो सरळ राहतो. जरा तिरका झाला की मागून आवाज यायचा, "धागा!" अ‍ॅपलाचियनच्या रांगेवर वायव्येचा वारा आदळला की हवा वर चढते आणि इंजिनाशिवाय तासन् तास तरंगता येतं. पुण्यात लहानपणी हडपसरची ग्लायडर्स मी मान वर करून पाहिली होती. आता मी त्यांच्या जागी होतो.

एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कसा आहेस?" रात्री झोप लागली नव्हती, तसं सांगितलं. काही न बोलता त्यांनी ग्लायडर हँगरकडे ढकलायला पंखाला हात लावला. नाराजी नाही, उपदेश नाही. पुढच्या शनिवारी ते पुन्हा हजर. स्वतःला 'आज नको' म्हणण्यात कमीपणा नाही, हे मला त्या दिवशी पटलं. पुढे परीक्षा देऊन ग्लायडरचं रेटिंग घेतलं, आज एकटा उडतो, तो या शिकवणीच्या भरवशावर.

ते आता नाहीत. त्यांचं देणं त्यांना परत करता येणार नाही, पुढच्याला देता येईल. तुमच्या ओळखीत कुणा वैमानिकाचं मेडिकल गेलं असेल, तर कृपा करून नुसती विचारपूस करून परतू नका. तुमचं मेडिकल शाबूत असेल, तर त्याला डावीकडे बसवा आणि तुम्ही उजवीकडे बसा.