पोटुशीची न्याहारी



गाभण गाईला शेवटचे दोन महिने किलो-दीड किलो खुराक जादा घाला, असे मी गावोगाव सांगत फिरतो. ते तुम्ही मनावर घेता. पण घरातली पोटुशी सून कपभर चहावर खुरपणीला निघते आणि सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिकडे कोणाचे लक्ष नसते. शेतीखात्याच्या माणसाने हे का बोलावे, असे वाटेल. पण घरात जे दिसत नाही, ते आम्हाला बांधावर दिसते.

एका श्रावणी सोमवारी सोयाबीनची पाहणी करीत होतो. अकराच्या सुमारास बायांत गलका झाला. पाच महिन्यांची एक गरोदर मुलगी तासातच बसली होती. दरदरून घाम, हातांना कापरे, डोळ्यांपुढे अंधारी. कोणी पित्त म्हणाले, कोणी दृष्ट; एकीने कांदा फोडून नाकाशी धरला. पोटात काय होते? आदल्या रात्रीची अर्धी भाकरी! ती शुद्धीवर होती, म्हणून साखरपाणी पाजले. जरा हुशारी आल्यावर सासूनेच, "महादेव काही रागवत नाही," म्हणत शेजारणीच्या गाठोड्यातली भाकरी तिच्या हाती दिली. मला त्या बाईचे फार कौतुक वाटले.

पोटातले मूल आईच्या रक्तातली साखर रात्रंदिवस घेत असते. त्याला उपवास कळत नाही. म्हणून गरोदर बाईची साखर उपाशीपोटी लवकर उतरते. उठल्यावर तासाभरात भाकरी-उसळ पोटात जावी, मग दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे. शेतात जाताना शेंगदाणे, फुटाणे पदराला बांधावेत. नुसत्या गोड चहाने तरतरी येते, पण ती टिकत नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर बाईला धोका मोठा. जेवण तयार असल्याखेरीज तिने जेवणाआधीची सुई घेऊ नये. साखर सत्तरच्या खाली गेली किंवा घाम-कापरे सुटले, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा तेवढीच, मग भाकरी. सुईचे प्रमाण मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

प्रत्येक चक्कर साखरेचीच असते असे नाही. रक्त कमी असले तरी चक्कर येते. त्या मुलीचे रक्तही कमीच निघाले. आणि उलट्यांनी पाणीही ठरत नसेल, तर घरी बसून राहू नका.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. 2016 पासून ही सोय आहे. सासूनेही सोबत जावे. चक्कर केव्हा येते, त्याआधी काय खाल्ले होते, हे सून पुष्कळदा लाजेने सांगत नाही.