त्याला दुसरा डोंगर नाही

चि. अनघा,


पुस्तकासाठीचा तुझा लेख रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. जॅक्सनच्या सॅलमँडरवर, त्या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरावर, मराठीत मुलांसाठी कोणी लिहिलं याचा आनंद एवढा झाला, की शेवटाशी आल्यावर मन तेवढंच खट्टू झालं. ‘बेचाळीस वर्षांनी सापडला, आता काळजी मिटली’ असं तू कसं लिहिलंस? आणि त्याआधी, ‘उष्ण कटिबंधातला प्राणी, त्याला उन्हाची सवयच’? तुझी घाई मला ठाऊक आहे गं, पण ही दोन वाक्यं मी सोडणार नाही.

आधी उन्हाचं. ग्वातेमाला नकाशावर उष्ण कटिबंधात येतं खरं. पण हा जीव राहतो कुचुमातानेसच्या डोंगरांवर, ढगात बुडालेल्या थंड रानात. त्याला फुप्फुसं नाहीत. सगळा श्वास ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी सुकली की श्वास अडला. त्याच्या कुळात पाण्यात वाढणारी पिल्लंही नसतात; ओलसर जागी घातलेल्या अंड्यांतून थेट इवलासा सॅलमँडरच बाहेर येतो. (आपल्या सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांचंही असंच असतं. ही तुलना द्यायला हवी होतीस, मुलांना चटकन कळलं असतं.) म्हणजे तळं नको, ओढा नको, पण गारवा आणि ओल बारा महिने हवी. जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ सालीच मांडलं होतं, की उष्ण कटिबंधात एका उंचीवरचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून तिथल्या जिवांचं शरीर त्या अरुंद पट्ट्यालाच सरावतं. थंड देशातला प्राणी उन्हाळा-हिवाळा दोन्ही सोसतो. याला मात्र मधली दरी उतरून पलीकडच्या डोंगरावर जाणंही जड. म्हणूनच डोंगरागणिक वेगळी जात घडत गेली आणि जगातल्या सॅलमँडरांच्या सुमारे ४० टक्के जाती अमेरिकेच्या या उष्ण पट्ट्यात झाल्या. तू लेखात मिरवलेली ती विविधता आणि त्यांचा हा नाजूकपणा, दोन्ही एकाच मुळातून आले आहेत.

तू म्हणशील, ऊन वाढलं तर ते वर सरकतील. सरकतीलही, पण डोंगराला शेंडा असतो. पश्चिम ग्वातेमालातल्या सान मार्कोस भागात १९७०च्या दशकात संशोधक डेव्हिड वेक आणि सहकाऱ्यांना जे सॅलमँडर मुबलक मिळत, त्यांतले काही नंतरच्या शोधांत जवळजवळ दिसेनासे झाले. रोव्हिटो, पारा-ओलिया आणि वेक यांनी हे २००९ मध्ये मांडलं, तेव्हा नुसती जंगलतोड हे कारण पुरं पडत नव्हतं. पुढे २०११ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांची कातडी तपासली गेली, आणि त्याच काळात तिथे कायट्रिड बुरशी पोचल्याच्या खुणा मिळाल्या. जी कातडी श्वास घेते, तिच्यावरच ही बुरशी वाढते. २०१३ मध्ये तिची आणखी एक बहीण ओळखली गेली. आशियातून आलेल्या त्या बुरशीने नेदरलँड्समधले सॅलमँडर जवळजवळ संपवले होते. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती मध्य अमेरिकेत उतरली तर काय होईल, या विचाराने मला धास्ती वाटते.

आता सापडण्याचं. १९७५ मध्ये जेरेमी जॅक्सन आणि पॉल एलायस यांना हा सॅलमँडर मिळाला. २०१७ च्या ऑक्टोबरात गस्तीवरच्या एका रखवालदाराला पुन्हा दिसला. २०१५ मध्ये ते रान राखीव झालं नसतं तर तिथे गस्त नसती, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. दिसलं ते पिल्लू होतं, म्हणजे तिथे वीण चालू होती, हाही खरा दिलासा. पण इतकी वर्षं न दिसणं हा तो संपल्याचा पुरावा नव्हता ना? मग एकदा दिसणं हा तो सुखरूप असल्याचा पुरावा कसा होईल? राखीव रानाची हद्द कुऱ्हाड अडवते. ऊन वाढून ढग वर सरकू लागले, बुरशी आत आली, तर तिथे रखवालदार काय करणार?

पुस्तक छापायला जाण्याआधी तेवढी वाक्यं बदल. आणि चित्रकाराला सांग, त्याला पालीसारखा दगडावर ऊन खात बसवू नकोस. पाठीवर गडद पट्टा, बाकी अंग पिवळंजर्द, आणि भोवती रात्र नि ओली पानं असू देत. नवीन मसुदा लगेच पाठव.

तुझा,
मोठा काका