विमानाचं भाडं कोणी भरलं?

नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या प्रचारात आधी वणीत आणि दुसऱ्या दिवशी आपल्या औशात उद्धव ठाकरेंची बॅग तपासली गेली. केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? मग बाकीच्या नेत्यांच्या बॅगा तपासल्याचेही व्हिडिओ आले. बॅगेत काय होतं यावर आपण कितीतरी दिवस भांडलो. पण बॅग ज्यातून उतरली त्या हेलिकॉप्टरचं भाडं कोणी भरलं, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

आज एक कबुली देतो. त्याआधीच्या एका निवडणुकीत मी स्वतः अशा विमानात बसलोय. लातूरहून मुंबई. नेत्याची मुलाखत घ्यायची होती, "चला, हवेतच बोलू" म्हणाले. गाडी थेट विमानापाशी. रांग नाही, बोर्डिंग पास नाही, माझी बॅगही कोणी उघडली नाही. तासाभरात मुंबई. तिथे कलिन्याच्या बाजूला खासगी विमानांचं वेगळंच टर्मिनल आहे. बाहेर गाडी उभीच होती.

परत आलो रेल्वेने, रात्रभर दाराजवळ बसून.

बातमी मी झकास लिहिली. 'झंझावाती दौरा', 'एका दिवसात चार सभा' वगैरे. विमान कोणाचं, हे विचारलंच नाही. ज्याच्या विमानात बसून काजू खाल्ले, त्याला कसं विचारणार?

आता नियम बघा. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. चहा, वडापाव, खुर्च्या, सगळं त्यात मोजतात. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार स्टार प्रचारकाचा विमानप्रवास उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. तो पक्षाचा खर्च. आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही! म्हणजे वडापावचा हिशोब चोख, विमान मोकळं.

नेत्यांनी विमानाने फिरू नये असं माझं म्हणणं नाही. महाराष्ट्र मोठा आहे, प्रचाराचे दिवस थोडे असतात. पण ज्याने विमान दिलं तो निवडणुकीनंतर काय मागतो, हे आपल्याला कळायला नको?

येत्या निवडणुकीत धावपट्टीवर उभा राहीन तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारणार. उत्तर मिळालं नाही तर तेही छापणार.

आणि हो, रेल्वेचं तिकीट आधीच काढून ठेवीन.