थंडावा जपत केलेला प्रवास

भाचीच्या विवाहासाठी पुण्याहून बंगळूरला निघालो, तेव्हा माझ्या वंध्यत्वावरील उपचारांचा सहावा दिवस होता. रात्री नऊचे इंजेक्शन चुकवून चालणार नव्हते. ते औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाचे. गोठले तरी निकामी होते. म्हणून ते विमानाच्या पोटातील सामानात न देता हातातील पिशवीत ठेवले. बर्फाच्या पाकिटाचा थेट स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये रुमाल घातला. मूळ वेष्टन व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घेतली.

लोहगावच्या सुरक्षा तपासणीत पिशवी बाजूला काढली गेली. मागील रांगेत ओळखीचे चेहरे होते. घरीही न सांगितलेली गोष्ट येथे मोठ्याने विचारली जाईल, या भयाने मी थिजले. महिला अधिकाऱ्याने चिठ्ठी वाचली, सुया पाहिल्या आणि काही न बोलता झाकण लावून पिशवी परत दिली.

बंगळूरला डबा फ्रिजमध्ये ठेवताना ताईने विचारले, "यात काय गं?" तिला मात्र मी सारे सांगितले. रात्री नऊ वाजता, लग्नघराच्या गजबजाटात, माझ्या खोलीच्या दाराशी तीच राखण करीत उभी होती.