बारा आण्यांचा मसाला

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने रचली, त्याला निदान मसाला मिळत तरी होता. माझे गाऱ्हाणे त्याच्याही पुढचे आहे. माझी कोंबडी अशी मानी निघाली, की बाजारातला कोणताच मसाला तिला चालेना; तिला हवा फक्त माहेरचा!

ही कोंबडी म्हणजे माझा कॅमेरा. तो अगदी नवशिक्यांसाठी असतो त्यांपैकी आहे. घेतला तो केवळ हौसेने नव्हे. वाईचा आमचा जुना वाडा येत्या उन्हाळ्यात उतरवायचा आहे, आणि त्याच्या माजघरात जिचा सारा जन्म गेला ती आमची थोरली आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती दोन्ही एका चित्रात सापडावीत, एवढीच माझी इच्छा.

परंतु आमचे माजघर असे, की भर दुपारी समई लावावी. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, तर चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. तेव्हा तिपाई आणून प्रकाशाला सावकाश आत येऊ देणे हा एक उपाय उरला. तिपाई पहिल्याच दुकानात मिळाली आणि कॅमेऱ्याच्या पोटाशी नेमकी बसली. याचे श्रेय एका दिवंगत इंग्रज कारागिराला आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सुचवले, की प्रत्येक कारखान्याने स्क्रूचे आटे आपापल्या मर्जीने पाडू नयेत. साऱ्यांचे माप एक असावे. पाव इंच जाडीच्या स्क्रूला इंचात वीस आटे, हे त्यातलेच एक माप. आट्यांच्या कोनात पुढे थोडा फरक पडला, तरी तिपाईचा स्क्रू अजून त्याच मापाने चालतो. कॅमेरा कोणाचा आणि तिपाई कोणाची, हे तो विचारीत नाही.

तिपाईने खांब, तुळया, कोनाडे स्वच्छ दिले. पण आत्याचे हात कंपवाताने सतत थरथरतात. ते चित्रात धुक्यासारखे विरून गेले. ज्या हातांनी तीन पिढ्यांना जेवू घातले, नेमके तेच नाहीसे!

हात स्थिर दिसायचे तर फ्लॅशच हवा; त्याची झळक सेकंदाच्या सहस्रांशाहूनही थोडा वेळ टिकते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅशसाठी धातूची एक चौकोनी खोबण असते. १९२५ च्या लायकालाही अंतरमापक बसवण्यासाठी अशी खोबण होती. पुढे तिच्या मध्यभागी विजेचा एक ठिपका आला. तो जोडला गेला की कोणाचाही फ्लॅश उजळावा, असा संकेत रूढ झाला. या खोबणीला ५१८ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

मुंबईला बोरा बाजारात मी एक साधा, स्वस्त फ्लॅश खोबणीत सरकवला. तो ढिम्म! दुसरा लावला, तोही मुका. दुकानदाराने माझा कॅमेरा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "साहेब, याला मधला ठिपकाच नाही. कंपनीचाच फ्लॅश घ्यावा लागेल." त्याची किंमत कॅमेऱ्याच्या निम्म्याहून अधिक होती. महागड्या कॅमेऱ्यांना तो ठिपका आहे, आणि ज्याचा खिसा हलका त्याच्याच कॅमेऱ्यातून तो काढून घेतला आहे! श्रीमंताला चारी वाटा मोकळ्या ठेवाव्या आणि गरिबाला एकाच दाराशी आणून उभे करावे, अशी ही काटकसर.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे, की मानक ही केवळ यंत्रशास्त्रातली बाब नव्हे. तो अनोळखी माणसाशी केलेला शिष्टाचार आहे. वाटसरूला पाणी पाजताना आपण त्याचे गोत्र विचारीत नाही. व्हिटवर्थला माझी आत्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी तिच्या चित्रासाठी त्याने आपला वाटा उचलला. कॅमेरा विकणाऱ्यांना मात्र तो ठिपका जड झाला.

अखेर शेजारच्या दुकानातल्या एका वृद्ध गृहस्थांनी तोड सुचवली. काही स्वस्त फ्लॅशना एक छोटा डोळा असतो. दुसऱ्या फ्लॅशची झळक दिसताच ते आपण होऊन उजळतात. कॅमेऱ्याच्या अंगचा चिमुकला फ्लॅश उघडावा आणि हा दूर फळीवर ठेवावा. मध्ये तार नको, ठिपका नको. उजेडाला उजेडाची भाषा कळते.

मी तसा फ्लॅश घेतला. माजघरातल्या फडताळावर तो ठेवला आणि कळ दाबली. आत्याने दचकून डोळे मिटले आहेत. पण मांडीवर एकात एक गुंफलेले तिचे दोन्ही हात, बोटांच्या पेरांवरील सुरकुत्यांसकट, अगदी स्थिर आले आहेत.